फळीवरची भोकं

१

चोराने जे न्यायला हवं होतं ते नेलं नव्हतं, आणि जे नेलं होतं ते कोणी फुकट दिलं तरी घेतलं नसतं.

मंगळवारी सकाळी संग्रहालयामागच्या खोलीत निवेस कोमेल्ली लांब टेबलापाशी उभी होती. टेबलावर करडं घोंगडं अंथरलेलं होतं. त्यावर आठ पितळी पाट्या एका ओळीत मांडलेल्या होत्या. त्यांची कल्हई चांदीसारखी चमकत होती आणि तिच्यात काळ्या भरणीची नक्षी होती. एका टोकाला बकल होतं. पाट्यांच्या मध्ये खंजीर अडकवायच्या दोन कड्या होत्या, आणि खाली समोर लोंबणाऱ्या पट्ट्यांची पानाच्या आकाराची टोकं. माणसाच्या कमरेभोवती जसं असायला हवं, त्याच क्रमाने सगळं मांडलेलं होतं. फक्त ज्याच्यावर हे सगळं ठोकलेलं असतं ते चामडं तेवढं गायब होतं.

“मासा खाऊन काटा ताटात मांडून ठेवावा, तसं केलंय बघ,” तुल्लिओ म्हणाला.

तुल्लिओ मोरेआले दुधाच्या डेअरीत फोरमन होता, आणि जूनचा पहिला आठवडा आला की रोमन सैनिक. निवेस गावात डोळे तपासून चष्मे विकणारी एकमेव बाई, आणि प्रादेलुंगच्या ‘पंधराव्या तुकडी’ची कोठारप्रमुख. दर वर्षी गावाबाहेरच्या कुरणात तुकडीची छावणी लागायची. तंबूच्या शिवणीपासून चपलेच्या खिळ्यापर्यंत सगळं दोन हजार वर्षांपूर्वीसारखं असायला हवं, आणि ते तसं आहे की नाही हे एकच माणूस ठरवायचा: एर्मेस झोरात्ती, घोड्यांचे साज करणाऱ्याचा मुलगा, वय चौऱ्याहत्तर.

हा पट्टाही एर्मेसचाच. संग्रहालयाने दिलेल्या साच्यांतून ओतलेल्या पाट्या घेऊन तो दोन हिवाळे त्यावर बसला होता. पूर्ण होईपर्यंत कोणाला दाखवायचा नाही म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवायचा. शनिवारी, छावणीच्या दिवशी, तो पट्टा काचेच्या कपाटात पुतळ्याच्या कमरेला लागणार होता.

निवेसने खिशातून भिंग काढलं. प्रत्येक पाटीच्या मागे चार बारीक खिळे होते. चामड्यातून आरपार घालून, मागून वॉशर बसवून, टोक ठोकून पसरवायचं, अशी ती रीत. इथे ती टोकं कानशीने घासून काढलेली होती. कल्हईवर एक ओरखडासुद्धा नव्हता. काढलेले वॉशर बरणीच्या झाकणात ठेवले होते.

तिने ते मोजले. पुन्हा मोजले.

“एक कमी आहे,” ती म्हणाली. “आणि ही बघ, शेवटची पाटी. हिचा एक खिळा घासलेला नाही. मोडलाय.”

“वॉशरचं काय घेऊन बसलीस!” तुल्लिओचा आवाज चिरकला. “चाव्या तिघांकडे. एर्मेस, मार्केझिनबाई आणि मी. बाईंनी स्वतःचा पट्टा स्वतः कशाला मोडायचा? एर्मेसचा मुलगा रविवारी गेला, त्या माणसाच्या अंगात उभं राहायचं त्राण नाही. आणि हे चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं नाही, आजकालचं क्रोमचं आहे, तपासून घ्या, असं गेल्या महिन्यात सगळ्यांसमोर कोण ओरडलं?”

“तू.”

“मग सांग, गावाला चोर शोधायला लांब जायला लागेल का?”

२

संग्रहालयाच्या प्रमुख मार्केझिनबाई त्रिएस्तेहून आलेल्या होत्या. पस्तिशीच्या, नीटनेटक्या, बोलताना टेबलावरचं पेन सरळ करायची सवय.

“दोत्तोरेस्सा, पाट्या सगळ्या शाबूत आहेत,” निवेस म्हणाली. “नवं चामडं लावू. शनिवार कुठे पळून जातोय?”

“सिन्योरा निवेस, चामडंही संग्रहालयाच्या नावावर आहे. आणि कुलूप तोडलेलं नाही. म्हणजे चावीवाल्यानेच नेलं.” त्यांनी पेन सरळ केलं. “गुरुवारी संध्याकाळपर्यंत कोणी नेलं ते मला सांगा. नाहीतर मला पोलिसांत जावं लागेल. आणि तुल्लिओंना तुकडीत ठेवायचं की नाही, हा तुमचा प्रश्न.”

“तुल्लिओने नेलं असं कोण म्हणतंय?”

“मी नाव घेतलं. म्हणत काहीच नाहीये.”

निवेसला हसू आलं असतं, पण त्या आठवड्यात गावात कोणालाच हसू येत नव्हतं. तुल्लिओला तिने बावीस वर्षांचा असल्यापासून रांगेत पाहिलं होतं. तुकडीत हजेरी तीच घ्यायची. नाव पुकारायचं, मग विचारायचं, “पट्टा?” आणि त्याने बकलवर थाप मारून म्हणायचं, “आहे!” पट्टा नसेल तर तो सैनिक नव्हे. रोमन लोक गुन्हेगार सैनिकाला मारण्याआधी त्याचा पट्टा काढून घ्यायचे आणि तंबूसमोर दिवसभर उभा करायचे. ढगळ अंगरखा, कमरेला काही नाही. येणारे-जाणारे हसायचे. फटक्यांपेक्षा ते जास्त लागायचं म्हणे. तुल्लिओचा पट्टा काढून घ्यायचा म्हणजे काय, हे बाईंना कसं कळावं?

“तुम्ही पट्टा पाहिला होता?” तिने विचारलं.

“पूर्ण नाही. फेब्रुवारीत एकदा मी अचानक गेले, तर त्यांनी घाईने गुंडाळून टाकला. मी म्हटलं, कमरेचं माप जपा हं, आपला पुतळा चांगला जाडजूड आहे. तर म्हणाले, ‘कंबर काय, बदलत असते.’” बाईंनी खांदे उडवले. “विचित्र माणूस. पुतळ्याची कंबर कशी बदलेल?”

३

झोरात्तींचं दुःख गावाच्या भिंतींवर चिकटवलेलं होतं. काळ्या चौकटीतला कागद: लिव्हिओ झोरात्ती, वय एकेचाळीस. गुरुवारी चर्चमधला विधी, त्यानंतर उदीनेला दहन.

लिव्हिओची बायको साबीना बेकरी चालवायची. बेकरी बंद होती. निवेस मागच्या दाराने वर गेली. जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचा कोट पसरून साबीना कात्रीने त्याची बटणं कापत होती.

“मांदी, साबीना.”

“मांदी.” तिने मान वर केली नाही. “बसा. कॉफी मागू नका, उठायची ताकद नाही.”

“बटणं का काढतेयस?”

“पितळी आहेत. दहनाला धातूचं काही नको म्हणालेत. बटण नको, चेन नको, बुटाची नाडी ओवायची कडीसुद्धा नको. लाकडी लावतेय.” तिने दोरा दातांनी तोडला. “कोट कसला, पोतं झालंय. लग्नात ह्याच कोटात श्वास घेता येत नव्हता त्याला.”

निवेसने खोलीभर नजर फिरवली. दार उघडं होतं आणि पलीकडे आजारपणाची खोली दिसत होती. पलंग रिकामा, गादी गुंडाळलेली. पलंगाच्या दांडीवर शिवणकामाची पिवळी टेप लोंबत होती. मेजावर झाकलेली थाळी; चीज आणि बटाट्याचा फ्रिको, कडेने वाळलेला.

“एर्मेसने खाल्लं नाही?”

“सोमवारी केला होता. दिवसभर इथेच होते ते. संध्याकाळपर्यंत. हललेच नाहीत.” साबीना भरभर बोलली. “पण तुम्ही काही त्यांची विचारपूस करायला नाही आलात.”

निवेसने चामड्याचं सांगितलं. साबीनाने कात्री खाली ठेवली.

“म्हणजे माझा नवरा पुढच्या खोलीत पेटीत आहे, आणि पंधरावी तुकडी पट्टा शोधत माझ्या घरी आली. वा! तुम्हाला शरम नाही वाटत?”

“वाटते.”

“नाही वाटत. तेव्हाही नव्हती वाटली. हजेरी तुम्हीच घेत होतात ना?”

निवेस घेत होतीच. बावीस वर्षांपूर्वी लिव्हिओ एकोणीस वर्षांचा होता आणि डावखुरा. रांगेत प्रत्येकाच्या डाव्या हातात ढाल आणि डाव्या कमरेला खंजीर. लिव्हिओने आपला खंजीर उजवीकडे लावला आणि लोकांसमोर डाव्या हाताने उपसला. रोमच्या रांगेत डावखुरा नसतो, त्याने ढालींच्या भिंतीला खिंडार पडतं, असं एर्मेस त्याला महिनाभर सांगत होता. त्या दिवशी त्याने मुलाचा पट्टा स्वतःच्या हाताने सोडला आणि त्याला तंबूसमोर उभा केला. अगदी जुन्या पद्धतीने. लोकांनी फोटो काढले. पोरं शिट्ट्या वाजवत होती. लिव्हिओ सूर्य मावळेपर्यंत उभा राहिला, हू की चू केलं नाही, आणि मग तसाच कुरण ओलांडून निघून गेला. बापलेक त्यानंतर नाताळला एकमेकांशी हवापाण्याचं बोलायचे, तेवढंच.

“त्या दिवसापासून त्याने कमरेला पट्टा लावला नाही,” साबीना म्हणाली. “कधीच नाही. म्हाताऱ्यासारखे गॅलिस लावायचा. मी हसायचे त्याला.”

निवेस उठली. दारात तिने विचारलं, “ती टेप कशाला गं, तिथे?”

साबीनाचा चेहरा एकदम बंद झाला. खिडकी लावून घ्यावी तसा.

“असंच,” ती म्हणाली.

४

“चामडं नाही, पण चामड्याची सावली असेल,” निवेस तुल्लिओला म्हणाली.

बुधवारी दुपारी दोघं पुन्हा त्या खोलीत होती. एर्मेसची एक सवय सगळ्या तुकडीला माहीत होती. प्रत्येक पट्ट्यासाठी तो पॉप्लरची नवी फळी रंधून घ्यायचा. जुन्या खुणांवर पंच घसरतो, म्हणायचा. चामड्याचं एक टोक फळीच्या कडेला लावायचं आणि वरून पंच मारायचा. तो चामड्यातून जाऊन मऊ लाकडात गोल खूण सोडतो. पट्टा संपला की ती फळी चुलीत. नापास झालेलं कामही चुलीत. “चुकलेला माल जपून ठेवला की पुढच्याला तोच खरा वाटतो,” हे त्याचं ठरलेलं बोलणं होतं.

ह्या वेळची फळी अजून भिंतीला टेकून उभी होती.

निवेसने ती आडवी ठेवली, त्यावर पातळ कागद पसरला आणि पेन्सिलीचं शिसं आडवं धरून घासलं. एकेक करत गोल खुणा कागदावर उमटल्या. तुल्लिओने बकलापासून वाचायला सुरुवात केली.

“हे बकल. ही पहिली पाटी, चार भोकं. दुसरी. तिसरी. आता कड्या यायला हव्यात, डावी कंबर... नाहीत.” तो सरकत गेला. “चौथी. पाचवी. पुन्हा पाटी. आणि... थांब.”

कड्यांची मोठी भोकं शेपटाच्या बाजूला होती. बकल पोटावर ठेवून पट्टा डावीकडून पाठीमागे नेला, तर ती बरोबर उजव्या कमरेवर येत होती.

तुल्लिओने स्वतःच्या कमरेभोवती कागद गुंडाळून पाहिला. मग तो स्टुलावर बसला.

“खंजीर उजवीकडे. निवेस, ही चूक नवं आलेलं पोरगंसुद्धा करत नाही. चामडं पालथं टाकून आखायचं असतं, ह्याने सुलटं टाकून आखलं.” त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. “पोराच्या आजारपणात डोकं गेलं त्याचं. नंतर स्वतःच्या लक्षात आलं असणार, म्हणून गुपचूप चामडं काढून नेलं. म्हणूनच पाट्यांवर ओरखडा नाही. असं दुसऱ्या कोणाला जमणारच नाही. मला तर नाहीच.”

सगळं जुळत होतं. चामडंच का नेलं, कल्हई का सांभाळली, कुलूप का तुटलं नाही.

“हे कोणाला सांगू नकोस,” तुल्लिओ एकदम म्हणाला.

“मग बाईंना काय सांगू?”

“मी नेलं म्हण. तपासायला नेलं आणि हरवलं. गावाला पटेल.”

“तुझा पट्टा जाईल, येड्या.”

“जाऊ दे. चाळीस वर्षं त्या म्हाताऱ्याने आमच्या चुका काढल्या. त्याची चूक मी गावाला दाखवायची, तीही ह्या आठवड्यात? नाही जमणार मला.” तो नाक शिंकरत उठला. “पण चामडं क्रोमचंच होतं, हे लिहून घे.”

५

निवेस दुकानात येऊन बसली. समोर कागद होता. तुल्लिओचं उत्तर तिला पटलं होतं, आणि तरी चष्म्याचा नंबर थोडा चुकला की जसं होतं तसं होत होतं. सगळं दिसतं, पण डोकं दुखतं.

दुखत होतं ते शेपटाकडच्या भोकांमुळे. बकलाचा काटा अडकवायची भोकं. एर्मेस अशी भोकं तीन पाडायचा, एकमेकांपासून अंगठ्याच्या रुंदीवर. त्यात कधी केसाचा फरक नसे. इथे ती जास्त होती आणि अंतरं वाटेल तशी. आणि प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा आत सरकत, पाट्यांच्या दिशेने गेलेलं.

ती परत गेली. ह्या वेळी तिने फळीच भिंगाखाली धरली.

बाहेरच्या भोकांच्या कडा काळवंडलेल्या होत्या. त्यांत मेण आणि धूळ बसली होती. त्याच्या आतलं जरा उजळ. त्याच्या आतलं आणखी. शेवटचं तर ताज्या पावाच्या आतल्या भागासारखं पांढरं होतं, आणि ते शेवटच्या पाटीला इतकं चिकटून होतं की त्यापुढे भोक पाडायला चामडंच उरलं नव्हतं.

म्हणजे ती एका दिवशी पाडलेली नव्हती. महिनोन्महिने पाडत आणलेली होती. आणि दर वेळी पट्टा घट्ट होत गेला होता.

जाडजूड पुतळ्याला घट्ट पट्टा कशाला हवा?

कंबर काय, बदलत असते.

निवेसने भिंग खाली ठेवलं. पलंगाच्या दांडीवरची टेप. पोत्यासारखा झालेला कोट. गिऱ्हाइकाच्या समोर बसून तिने जन्मभर डावा-उजवा डोळा तपासला होता. समोरच्याचा डावा तो आपला उजवा, हे ती झोपेतसुद्धा चुकली नसती. आणि एर्मेस? तोही चुकला नव्हता. त्याने सुलटं आखलं नव्हतं, पालथं टाकून नीटच आखलं होतं. खंजीर जिथे हवा होता तिथेच होता. डाव्या हाताने उपसणाऱ्याच्या उजव्या कमरेला.

धातूचं काही नको. कडीसुद्धा नको.

एक वॉशर कमी होता, आणि एक खिळा मोडलेला. तो तुकडा अजून चामड्यातच असणार होता. ते चामडं कुठे आहे, हे आता तिला कळलं होतं. उद्या दुपारनंतर ते कुठेच असणार नव्हतं.

६

गुरुवारी सकाळी पेटी बंद करायच्या आधी ती झोरात्तींच्या घरी पोचली. पुढच्या खोलीत पडदे ओढलेले होते. पेटी उघडी होती. लिव्हिओच्या छातीपर्यंत पांढरी चादर होती, वर लाकडी बटणांचा कोट. चेहरा मेणासारखा, आणि बापाचं नाक. अंत्यविधीची माणसं जिन्यात सिगारेट ओढत थांबली होती.

एर्मेस पेटीच्या डोक्याशी खुर्चीत बसला होता. निवेसला पाहून त्याने नुसती मान हलवली.

“मांदी, एर्मेस,” ती हळूच म्हणाली. “एक वॉशर कमी आहे.”

साबीना पुढे आली आणि पेटी आणि निवेसच्या मध्ये उभी राहिली.

“हात लावून तर बघा. पोलिस आणा, बाईंना आणा. मी नाही काढू देणार.”

“मी काढायला नाही आले.”

“चोरी केली मी,” एर्मेस म्हणाला. त्याचा आवाज वाळक्या चामड्यासारखा झाला होता. “पाट्या नाही घेतल्या. त्या त्यांच्या आहेत. आणि त्या आगीत चालतही नाहीत. नवं चामडं लावून शनिवारी देणार होतो, खंजीर डावीकडे, पुस्तकात असतो तसा. पण तुल्लिओ लवकर आला.”

“कधीपासून करत होतास?”

“निदान झालं तेव्हापासून. माफी मागायला तोंड नव्हतं. म्हटलं, पट्टा नेऊन देतो. घालेल किंवा तोंडावर फेकेल. काही तरी करेल. मला वाटलं एका हिवाळ्यात होईल. पण मी भोक पाडायचो, आणि महिन्याने साबीना सांगायची, पुन्हा सैल होईल.”

“मापं मी घ्यायचे,” साबीना म्हणाली. तिचा राग कुठे तरी गळून गेला होता. “तो विचारायचा, कशाला गं मापं? मी म्हणायचे, शर्ट शिवतेय. वेडा होता का तो? साज करणाऱ्याच्या घरात वाढलेला. त्याला कळलं होतं. शेवटी शेवटी तर मी टेप घेऊन आले की तो स्वतःच हात वर करायचा. बोलायचा काही नाही. नुसते हात वर करायचा.”

एर्मेसने तोंड हातांत घेतलं.

“रविवारी संध्याकाळी आणणार होतो,” तो हातांतूनच म्हणाला. “रविवारी सकाळी...”

जिन्यात पावलं वाजली. कोणी तरी घसा खाकरला. निवेसने साबीनाकडे पाहिलं, आणि साबीनाने चादर कमरेपर्यंत खाली केली.

चामडं कोटावरून कमरेला वेढलेलं होतं, पुढे सुती नाडीने बांधलेलं. पाट्यांच्या जागी फिकट चौकोन दिसत होते. उजव्या कमरेवर कड्यांची दोन मोठी भोकं होती, आणि पोटाजवळ लहान भोकांची ती रांग. शेवटच्या चौकोनाच्या कोपऱ्यात डाळीच्या दाण्याएवढं पितळ चमकत होतं.

“ते निघालं नाही,” एर्मेस म्हणाला. “जोर लावला तर खिळा मोडला, आणि चामडं फाडायचं माझ्याच्याने होईना.”

निवेसने पर्समधून चष्म्याचे स्क्रू काढायचा बारीक चिमटा काढला. ती पेटीवर वाकली. मोडक्या खिळ्याचं टोक तिने मागून दाबलं, वॉशर हलका वाकवला, आणि दोन्ही अलगद बाहेर आले. चामड्यावर ओरखडा उठला नाही. तिने ते एर्मेसच्या तळहातावर ठेवले आणि त्याची बोटं मिटली.

दार उघडलं. काळ्या कोटातला माणूस अदबीने म्हणाला, “माफ करा, विचारावं लागतं. धातूचं काही राहिलं नाही ना?”

“नाही,” निवेस म्हणाली. “मी तपासलंय.”

साबीनाने चादर पुन्हा वर ओढली. एर्मेस उठून उभा राहिला, आणि झाकण यायच्या आधी मुलाच्या डाव्या हातावर हात ठेवून म्हणाला, “मांदी, पोरा.” प्रादेलुंगमध्ये भेटतानाही हेच म्हणतात, आणि निघतानाही.

७

त्या संध्याकाळी निवेस मार्केझिनबाईंच्या समोर बसली.

“तुल्लिओने काही नेलेलं नाही. चामडं एर्मेसने स्वतः काढलं. त्यावर खंजीर उजवीकडे आखलेला होता. पुतळ्याला तो पट्टा चालला नसता. कोठारप्रमुख म्हणून मीही तो नापासच केला असता.”

बाईंनी विचारलं, “एवढा मोठा कारागीर, आणि डाव्या-उजव्याची चूक?”

“मी चूक म्हटलं नाही.”

“आणि ते नापास चामडं आता कुठे आहे?”

“नापास माल तो ठेवत नाही. जाळतो.” निवेसने घड्याळाकडे पाहिलं. “आज दुपारी जाळलं.”

बाई गावाच्या भिंतींवरचे काळ्या चौकटीतले कागद वाचत नसत असं नाही. त्यांनी पेन सरळ करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग त्या म्हणाल्या, “शनिवारी पुतळ्याच्या कमरेला काही तरी हवं. एवढंच माझं म्हणणं आहे.”

शुक्रवारी तुल्लिओने आपलं राखून ठेवलेलं चामडं आणलं, ओकच्या सालीत कमावलेलं. एर्मेसने आखलं, तुल्लिओने पंच मारला. दोघं दिवसभर एकमेकांवर खेकसत होते. “तुझं जुनं क्रोमचंच होतं,” तुल्लिओ एकदा म्हणाला. “नव्हतं,” एर्मेस म्हणाला. “क्रोमचं असतं तर त्याच्या अंगाला लावलं असतं का मी?” तुल्लिओने पुढच्या खुणेवर पंच ठेवला.

शनिवारी कुरणात ऊन होतं. काचेच्या कपाटात पुतळ्याच्या डाव्या कमरेला खंजीर होता, पुस्तकात असतो तसा. तंबूंसमोर तुकडी रांगेत उभी राहिली, आणि निवेस हजेरी घ्यायला पुढे आली. दोरीपलीकडे गावकरी होते, पाहुणे होते, खांद्यावर पोरं घेतलेले बाप होते.

एर्मेस रांगेत नव्हता. तो मुख्य तंबूसमोर, बावीस वर्षांपूर्वीच्या त्याच जागी, एकटा उभा होता. अंगात ढगळ अंगरखा. कमरेला काही नाही. उजवी मूठ घट्ट मिटलेली.

पाहुण्यांपैकी कोणी तरी हसलं, फोटोसाठी फोन वर केला. गावचं कोणी हसलं नाही. साबीना दोरीला धरून उभी होती.

निवेसने नावं पुकारायला सुरुवात केली. “तुल्लिओ मोरेआले. पट्टा?”

“आहे!”

एकेक नाव झालं, एकेक थाप बकलवर वाजली. मग ती तंबूकडे वळली. पुढचे शब्द तिने आयुष्यात हजारदा म्हटले होते.

“एर्मेस झोरात्ती. पट्टा?”

म्हाताऱ्याने मान ताठ केली.

“दिला,” तो म्हणाला.